साडेऐंशी

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीत
मी स्की-जंपच्या उतारावर ऐंशी मीटरच्या खुणेपाशी उभी होते.
काम एवढंच:
उडी मारणारा हवेतून येईल,
त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही,
गर्दीच्या ओरडण्याला कान द्यायचा नाही,
दोन्ही पाय बर्फाला टेकतील ती जागा नजरेनं धरायची
आणि हात वर करायचा.
आम्ही उतारभर, निळ्या कोटांत,
तारेवर बसलेल्या पाखरांसारखे ओळीनं.

मधेच चिनूक सुटायचा, डोंगरापलीकडून येणारा ऊन वारा,
सकाळी गुडघाभर असलेला बर्फ संध्याकाळी गटारात.
उड्या थांबायच्या. जग हॉटेलात बसून आमच्या आभाळाला नावं ठेवायचं.
आम्ही थर्मासमधली कॉफी वाटून प्यायचो.
चोवीस वर्षांची होते. आयुष्यात इतकी थंडी वाजली नाही,
इतकं बरंही वाटलं नाही.

शेवटच्या दिवशी एक पोरगा आला.
यादीत शेवटून दुसरा. पाय लटपटत टेकले
बरोब्बर ऐंशीवर.
मी साडेऐंशी सांगितले.
त्यानं काही फरक पडला नाही, तो शेवटून दुसराच राहिला.
पण हे मी कुणाला सांगितलेलं नाही,
ड्वेनलासुद्धा नाही.

आता शहर विचारतंय,
जगाला पुन्हा बोलावू या का?

ब्रिजलँडच्या हॉलमध्ये सभा. कोरडे मफिन.
पडद्यावर टोरंटोहून आलेला एक सल्लागार, छान दात असलेला.
खर्चाचा आकडा मोठ्या अक्षरांत,
'अंदाजे' हा शब्द इतका बारीक की मला चष्मा काढून पुसावा लागला.
ड्वेन म्हणाला, सहा वर्षं काम तरी मिळेल.
तेलाच्या कंपनीतून घरी बसून त्याला दोन वर्षं झालीत,
डाउनटाउनच्या त्या उंच काचांमागे मजलेच्या मजले रिकामे,
रात्री दिवे फक्त झाडणाऱ्यांसाठी लागतात.
शाळेत क्लार्क होत्या त्या क्लासेनबाई उठल्या:
ऋण काढून सण करायचाच,
तर पाहुणे तरी आपल्या पसंतीचे हवेत.
हॉल हसला. सल्लागारही हसला, जरा उशिरा.

मग टॅक्सीवाला टेस्फालेम,
टोपी हातात घेऊन, माझ्याकडे वळून:
तुम्ही लोक तेव्हा थंडीत उभे राहिलात
म्हणून माझ्या सेलामला आज बर्फ आहे.
आमच्या अस्मारात बर्फ नुसता सरबतात असायचा.
यावर मला बोलता आलं नाही. खरंच होतं ते.

पडद्याकडे पाहिलं.
सुरक्षेचा खर्च, घरांची विक्री, येणारे पाहुणे,
प्रत्येक ओळीपाशी कुणीतरी उभं होतं
आणि पाय टेकले त्याच्या अर्धा मीटर पुढं
हात वर करत होतं.
वाईट माणसं नव्हेत ती. मी ओळखते त्यांना.
फक्त त्यांना उडी आवडलेली होती.

मतदानाच्या दिवशी पेन्सिल दोरीनं बांधलेली,
दोरी आखूड.
मी विरोधात फुली मारली
आणि बाहेर आल्यावर रडू येईल असं वाटलं, ते आलं नाही,
पार्किंगचं मीटर संपत आलं होतं.

संध्याकाळी ओव्हलमध्ये गेले,
तेव्हाच बांधलेला तो, छपराखाली अजून तोच वास,
अमोनिया आणि ओली लोकर.
टेस्फालेम कठड्याला टेकून उभा. त्यानं विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.
त्याला फोन आला म्हणून स्टॉपवॉच माझ्या हातात.
सेलाम वळणावरून आली, वाकलेली, एक हात पाठीवर,
रेषा ओलांडली.
किती? ती धापा टाकत.

तिला एक्कावन्न हवे होते. काल रात्रीपासून हवे होते.
काच माझ्याकडे होती, तिला दिसत नव्हती.

बावन्न पॉइंट चार, मी म्हटलं.

तिनं तोंड वाकडं केलं,
खाली बसून डाव्या बुटाची नाडी सोडली,
पुन्हा आवळली,
आणि निघाली.