एकशे एकतीस

फ्लोटला बत्तीस घरं असतात.
पहिलं चिन्हाचं. आमच्या कामात ते रिकामंच,
नदी उणे होत नाही.
पुढची आठ घातांकाची.
उरलेली तेवीस बारीकसारीक.

पुराणिक साहेब म्हणाले, तेवीस कशाला पाठवता?
बाइटला पैसे पडतात.
विश्वामित्री केवढी झालीय, एवढंच कळू दे.
मला पटलं.
(हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे बरेच दिवस
मी ते वेगळं सांगत होते.)

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, कुरकुरत्या पंख्याखाली,
ध्रुमिलला मी शिकवत होते:
आकडा उचलून पूर्णांकाच्या ताटलीत ठेवायचा,
कवडी न मोडता दही वाढावं तसा.
कास्ट केलंस तर मोडलं.
मग तेवीस घरं उजवीकडे सरकव,
कडेवरून पडतील, पडू दे.
दोनशे पंचावन्नच्या चाळणीतून गाळ.
एकशे सत्तावीस वजा कर. झालं.

एकशे सत्तावीसच का, बेन?
पुलाखालच्या पट्टीवर शून्य कुठेय, बघितलंस?
तळाशी नाही.
कुणीतरी कधीतरी ठरवलं, इथून मोजू.
तसंच हे.

आणि लायब्ररीतलं फ्रेक्स्प पाच सांगतं, आपलं चार?
ते अर्ध्यापासून मोजतं, आपण एकापासून.
दोघंही खरं बोलतात.
शिवाय सुरुवातीचा एक कुठल्याच घरात लिहीत नाहीत,
तो असतोच, धरून चालायचं.

श्रावणातली रात्र. आजव्याचं पाणी सुटलेलं.
दहा वाजता: एकशे एकतीस.
साडेअकरा: एकशे एकतीस.
साडेबारा: एकशे एकतीस.
वजाबाकी करून पाहिली. चार. स्थिर.
दांडिया बाजारातल्या माझ्या स्वयंपाकघरात
मी उरलेली पोळी गरम करून खाल्ली
आणि साहेबांना निरोप टाकला, नदी शांत आहे.

सोळा फुटांपासून बत्तिसाला टेकेपर्यंत
उत्तर चारच येतं.
मला माहीत होतं हे. पाठ होतं.
परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.
सतरा फुटांना चार, एकोणतीस फुटांना चार,
मधलं सगळं त्या तेवीस घरांत राहतं.

दीड वाजता शनाभाई पढियारचा फोन,
पंपघराचा चौकीदार,
हातात बॅटरी, समोर रंग उडालेली पट्टी.
बेन, पाणी सत्तावीसे पोंच्युं.
तमारुं मशीन शुं कहे छे?
चार, मी म्हणाले.
तो थांबला.
शुं चार?

पुढचं सगळं त्यानेच केलं.
तेलाचा रिकामा डबा बडवत वस्तीतून गेला,
गुडघाभर पाण्यातून, मग मांडीभर,
ओंडका समजून ज्याला काठीने ढोसलं
ती मगर निघाली,
तीही बिचारी जागा शोधत होती.
माणसं शाळेच्या जिन्यावर चढली. सगळी.
सलमाबेनचं शिलाई मशीन राहिलं.
दोन शेळ्या. लग्नासाठी आणलेली गादी,
अजून प्लास्टिकमध्ये.

आता मी बत्तीसच्या बत्तीस घरं पाठवते.
बिल महिन्याला अकरा रुपयांनी वाढलं.
साहेबांनी सही केली, वर न बघता.

याला मराठीत काय म्हणतात, ध्रुमिलने विचारलं.
घातांक.
गुजरातीतही तेच, तो म्हणाला.
मग सोल्डरचा धूर खाली बसेपर्यंत
आम्ही दोघं काही बोललो नाही.

त्या रात्रीची फाइल मी पुसलेली नाही.
कधी उघडते.
एकशे एकतीस, एकशे एकतीस,
ओळीखाली ओळ, एकही चूक नाही.
शनाभाईचा फोन तिच्यात कुठेच नाही.