गाळ बसेपर्यंत

सात मिलिमीटर, डॉ. शेणॉय म्हणाले,
आणि पेनाच्या टोपणानं दाखवला
तुरीच्या दाण्याएवढा फुगा.
चक्कर येते म्हणून काढलेला फोटो,
त्यात हा न बोलावता येऊन बसलेला.

कवटी उघडायची नाही.
मांडीतून तार वर जाईल, तारेतून जाळीची नळी,
फुग्याच्या तोंडावरून रक्त सरळ पुढे.
फुगा आपोआप मिटेल. सावकाश.
"आपोआप म्हणजे कसा?"
त्यांनी कागदावर बाण काढले.
मला बाण कळले नाहीत.

ह्यांना कळले.
एकतीस वर्षं वाशीच्या होल्डिंग पाँडवर नोकरी;
भरतीला झडप मिटली का, ओहोटीला उघडली का.
पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून म्हणाले,
"खारफुटीमागच्या कोपऱ्यात पाणी जोर धरत नाही,
तिथं काय होतं?"
"गाळ बसतो."
"मग?"
"मग जमीन होते."
"झालं तर. तुझ्या डोक्यात जमीन करणार आहेत."
मी म्हटलं, सिडकोला कळू देऊ नका.

संमतीच्या कागदावर गाळाचं काही नव्हतं.
शंभरात पाच-सहा जणांचं बिघडतं,
हात लुळा पडतो, बोली जाते,
कधी त्याहून वाईट.
हे एकेका ओळीखाली बोट धरून वाचत गेले.
शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ राहिलं.

आता रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या,
एकही चुकवायची नाही.
शिंगाळ्याचा काटा बोटात गेला
तर अर्धा तास फडकं दाबून बसते.
बांगडी घासली तरी निळं होतं,
आणि शेजारची बेबीनंदा माझे दंड पाहून
ह्यांच्याकडे रोखून बघते.

सहा महिन्यांनी पुन्हा तार, पुन्हा फोटो.
"बराच मिटलाय. मानेशी थोडं रक्त अजून जातंय."
"म्हणजे बंद नाही?"
"होतोय."
एक गोळी सुटली. एक राहिली.
मी ह्यांच्याकडे पाहिलं.
हे म्हणाले, कोपऱ्या-कोपऱ्यावर असतं.

काल अमावस्येची भरती.
रात्री दोनला हे टॉर्च घेऊन गेटवर गेले.
मी उशीवर डोकं
अंडं ठेवावं तसं ठेवून जागी.
पहाटे आले, गुडघ्यापर्यंत चिखल.
"झडप बसत नव्हती. फटीत प्लास्टिक.
हातानं काढलं."
पाय धुता धुता विचारलं,
"गोळी?"
"घेतली."