तीन वेढे

सांता रीताच्या चढावर, कॉफीच्या मळ्यांखाली
झुल्मिरामावशीचं घर.
एकोणीस वर्षं तिनं कारखान्यात ट्रान्सफॉर्मर गुंडाळले.
डोळे थकले तेव्हा कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं,
तेही मागे पडतं.

मी गेलो पाइपचा तुकडा घेऊन,
दीड वीत, पांढरा, प्लंबरच्या उरलेल्या मालातला,
आणि केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं रीळ.
"हजार वेढे," म्हटलं, "एकावर एक चढू द्यायचे नाहीत."
"मला शिकवतोस?"
तिनं चष्मा कपाळावर सारला,
म्हणजे आता बोटांनीच बघणार.

पन्नास वेढे झाले की कपात एक कॉफीचा दाणा,
कच्चा, हिरवट.
टप्.
बाहेर कुणाची तरी मोटारसायकल
चढावर धापा टाकत होती.
टप्.
सातव्या दाण्याला फोन वाजला. लिस्बनहून तिची लेक.
मावशीनं फोन मान तिरकी करून खांद्यात धरला,
घरभाडं, भिंतींची ओल, सोडून गेलेला माणूस
सगळं ऐकलं, हो ला हो केलं.
बोटं थांबली नाहीत.
दाणे मात्र थांबले असावेत.
मी बोललो नाही.

रात्री टेबलावर मांडलं:
तीन पायांचा एक ट्रान्झिस्टर,
तापेल म्हणून पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा,
बावीस हजार ओहमचा रेझिस्टर,
राखणीला लाल एलईडी,
बारा व्होल्टचा अडॅप्टर, मेलेल्या राउटरचा वारसा.
पाइपच्या पायाशी जाड तारेचे तीन वेढे, माझ्या हातचे.
डोक्यावर पिंगपाँगचा चेंडू
चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलेला.
बटण.

काही नाही.

ट्रान्झिस्टर तेवढा तापला,
शाळा बुडवायची असलेल्या पोराच्या कपाळासारखा.
दोन वर्षांपूर्वी गेलेली स्वयंपाकघरातली ट्यूब हातात धरून
मी उभा, लग्नात उगाच बोलावलेल्या माणसासारखा.
"मोजणी चुकली," शेवटी म्हणालो. "फोनच्या वेळी."
मावशी कापडी गाळणीतून कॉफी गाळत होती.
ती धार संपेपर्यंत काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"माझ्या हजारात बघू नकोस.
तुझ्या तीनात बघ."

तीनात काय बघायचं? तीन तर तीन.
तिनं वाकून तार चाचपली,
माझ्या वेढ्यांवरून अंगठा फिरवला,
आंधळ्यानं चेहरा ओळखावा तसा.
"उलटा आलास. टोकं बदल.
पहिल्या आठवड्यात माझंही असंच झालं होतं,
मुकादम बाईनं सगळ्यांसमोर उलगडायला लावलं."

मी टोकं बदलली.

आणि ट्यूब लागली.
ना तार, ना होल्डर, ना स्टार्टर,
माझ्या मुठीपाशी काळवंडलेली, तरी लागली.
चेंडूपाशी बोट नेलं तर
जांभळा डास चावला, कातडी जळल्याचा वास आला.
तेवढ्यात भिंतीपलीकडून ओतासिल्यो ओरडला.
पेनल्टी होती, ऐन पेनल्टी,
आणि त्याच्या रेडिओत पापड भाजत होते.
बटण बंद.
"गेली!" तो पलीकडून म्हणाला. "बाहेर गेली!
तुम्हीच घालवलीत!"

मावशीनं हात पुसले. "दे इकडे."
ट्यूब घेऊन ती जवळ गेली, प्रकाश वर चढला.
मागे सरली, उतरला.
पुन्हा जवळ, पुन्हा मागे,
नेमकं कुठे विझतं ते शोधत.
अर्ध्या हातावर विझत होतं.
त्या जागी ती बराच वेळ ट्यूब धरून उभी राहिली,
एक बोट इकडे, एक बोट तिकडे.
लिस्बनचं नाव तिनं काढलं नाही, मीही नाही.

सकाळी कप उपडा केला.
तेरा दाणे.
हिशेबानं साडेसहाशे वेढे,
उरलेले सात फोनमध्ये गेले असतील,
किंवा मुळात गेलेच नसतील.
खरं मोजायचं तर सगळं उलगडावं लागेल.
"तेरा दाण्यांची कॉफी होत नाही,"
मावशी म्हणाली, आणि दाणे
परत डब्यात टाकले.