छातीच्या उंचीवर

ओहोटी साडेपाचला. त्याच्या आधी निघायचं,
नाहीतर उम्म अल कुवैनच्या खाजणात
दुपारपर्यंत चिखल आपला मालक.
गुल जमीन पुढे, खांद्यावर उंची मोजायची काठी.
मागे मी: कॅलिपर, वही,
आणि पाण्याची बाटली, सातलाच चहाइतकी गरम.

नियम सोपा आहे.
खोडाची जाडी छातीच्या उंचीवर घ्यायची,
जमिनीपासून एक मीटर तीस.
कुणाची छाती, हे शिकवताना कुणी सांगितलं नाही.
माझी त्या खुणेच्या खाली राहते,
गुल जमीनची बरीच वर.
बाणकोटच्या खाडीत कधी प्रश्न आला नाही,
तिथली तिवरं आम्हा दोघांच्याही डोक्यावरून गेली असती.

इथेही पाण्याच्या कडेला ती सरळच आहेत.
दिवसातून दोनदा पाय धुऊन मिळतात,
शेजाऱ्याला खेटून उभं राहायचं
आणि उजेडासाठी वर घुसायचं, एवढंच काम.
जाडी बारा सेंटीमीटर, उंची साडेचार मीटर.
जाडी नऊ, उंची चार.
मी आकडे सांगण्याआधी गुल जमीन सांगायला लागला,
आणि बरोबर निघायला लागले.

मग आत शिरलो. शंभर पावलं, जास्त नाही.
इथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं,
आणि पोचलं की परतायचं विसरतं.
ऊन त्याला पिऊन टाकतं, मीठ तेवढं उष्टं ठेवतं.
पानांवर पांढरी पूड.
गुल जमीनने बोट लावून चाखली, थुंकला,
आणि पुन्हा चाखली.

पहिलंच झाड माझ्या खांद्याखाली संपलं.
छातीच्या उंचीवर त्याला खोड नाही, फांदी नाही,
नुसती हवा, आणि त्या हवेत कॅलिपर धरून मी.

गुडघ्यापाशी वाकले.
श्वासमुळं तळव्याला टोचत होती.
खोड पिळलेलं, धुणं पिळून तसंच वाळू द्यावं तसं.
एकोणीस सेंटीमीटर.

कचेरीच्या सूत्रात एकोणीस घातले
तर उत्तर येतं सहा मीटर दहा.
झाड आहे एक मीटर पंधरा.
म्हणजे जवळजवळ पाच मीटर झाड गायब,
आणि जबाबदार मी.
इंजिनियर हमूद फोनवर शांतपणे म्हणाले, पुन्हा मोज.
पुन्हा मोजलं. एकोणीस.
गुल जमीनने मोजलं. एकोणीस पूर्णांक दोन,
कारण त्याला माझ्यापेक्षा थोडं जास्तच हवं असतं.

सूत्र करणाऱ्याचा मला राग नाही आला.
त्याने पाण्याकाठची झाडं मोजली असणार.
बोट तिथेच लागते.

उंच जायचं तर पाणी उंच ओढावं लागतं
आणि इथे प्रत्येक घोट मिठाशी भांडून मिळतो.
वर गेलंच एखादं, तर शमाल त्याचा शेंडा भाजतो.
तेव्हा जे काही कमावलं
ते ह्या झाडाने कंबरेत ठेवलं,
गाठीला गाठ, वर्षाला वर्ष.

"किती वर्षांचं असेल?" गुल जमीनने विचारलं.
सांगता येत नाही, मी म्हटलं,
तिवराच्या खोडात वलयं असतात
पण ती वर्षांचा हिशोब देत नाहीत.
तो हसला. "माझ्या पासपोर्टवरही एक जानेवारी लिहिलंय.
आमच्या अख्ख्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी."

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
बारीक अक्षरात लिहिलं:
सूत्र पाण्याकाठचं. झाड इथलं.
खोडलं. कचेरीला असं चालत नाही.
लिहिलं: जाडी तीस सेंटीमीटरवर घेतली. क्षारता जास्त.
पहिली ओळ खोडलेली असली तरी वाचता येत होती.
राहू दिली.

ऊन डोक्यावर यायच्या आत आणखी एकेचाळीस झाडं.
पुढच्या झाडाशी काठी टेकवताना
गुल जमीनचा अंगठा, न सांगता,
खालच्या खुणेवर होता.