गेल्या तीन महिन्यांत

सहमच्या रस्त्यावर लिंबांच्या बागा संपतात
तिथे पंपाची खोली. दार पत्र्याचं, खिडकीला जाळी,
जाळीला मुठीएवढं भोक,
भोकातून आत आलेली टीव्हीची वायर.
मी लिहिलं: जाळी आहे.
मग खोडलं.

खोलीत माणसं किती?
पाच, म्हणाला. खाटा तीन.
दोघं बाहेर झोपतात, शेळ्यांच्या अंगाला लागून,
एसी मार्चपासून नुसता घुरघुरतो.
शेळ्या किती, तेही विचारायचं असतं.
डासाला दोन्ही रक्तं चालतात,
रकाने मात्र वेगळे.

खल्फान हौदावर वाकलाय,
पांढरा डाव बुडवतो, दहा वेळा, मोजून.
सातव्या डावात अळ्या. पाण्याच्या कातडीलगत
आडव्या, जेवून लवंडल्यासारख्या.
"अनोफिलीस," तो हळूच म्हणतो,
घरात आजारी माणूस असावं तसं.
उद्या गप्पी मासे आणून सोडील.
हौदाचा मालक मस्कतला असतो. त्याला रकाना नाही.

मच्छरदाणी?
आहे जी, म्हणाला, आणि दाखवायलाच घेऊन गेला:
चार काठ्यांवर ताणलेली, कोथिंबिरीच्या वाफ्यावर.
चिमण्या ठेवत नाही काही.

त्या 'जी'पाशी माझं पेन थांबलं.
तोवर आम्ही हिंदीत बोलत होतो,
तीही फाटकी, अरबीची ठिगळं लावलेली.
कुठले तुम्ही?
गडचिरोली. भामरागडच्याही पल्याड, नदी ओलांडून.
रैनू नरोटे. वय एकतीस, कागदावर.
मी नागोठण्याची.
आमच्यामध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा,
आणि इथे हौदाच्या काठावर
एकाच आळीतले असल्यासारखे हसलो.

मग पुढचा प्रश्न, जाड अक्षरांतला:
गेल्या तीन महिन्यांत मायदेशी प्रवास?
नाई जी.
नीट आठवा.
नाई. मागच्या पोळ्यापाशी गेलतो. भाऊ वारला तवा.
कशानं?
त्याने माझ्या हातातल्या सुईकडे पाहिलं.
हिवतापच म्हणतेत. डोक्यात चढला.

पोळा म्हणजे नऊ महिने.
फॉर्मच्या हिशेबात: नाही.

संध्याकाळी काचेवर त्याचा थेंब.
जांभळ्या रंगात फुगलेली एक पेशी,
आत खसखशीसारखे ठिपके.
भावाला लागला तो हा नव्हे.
हा सहसा डोक्यात चढत नाही, हा यकृतात जाऊन झोपतो.
सहा महिने, नऊ महिने, कुठे काही नाही.
माणूस झाडांना पाणी सोडतो, लिंबं तोडतो,
पाच तारखेला पैसे पाठवतो,
आणि एका रात्री
हा उठतो, कुणी नाव घेऊन बोलावल्यासारखा,
आणि शेळ्यांजवळच्या खाटेवर
मेच्या उकाड्यात माणूस दात वाजवत चादर शोधतो.

अहवालात एक शब्द भरावा लागतो: स्थानिक की आयात.
सोहारच्या बंदरात टायर आयात होतात,
आपल्याकडचे कांदे होतात.
मी लिहिलं, आयात.
जोखमीचं कारण: घरी गेला होता.
वाचून पाहिलं.
हे काही खोडता आलं नाही.

माझी सुट्टी पुढच्या महिन्यात. खल्फान म्हणतो,
परत आलीस की पहिलं बोट तुझं.

दुसऱ्या दिवशी गोळ्या दिल्या, चौदा दिवसांच्या,
आणि मच्छरदाण्या दोन.
एक खाटेला बांधा, असं बजावलं.
दुसरीचं काहीच बोलले नाही.
त्याने पाकीट उलटसुलट केलं.
सगळ्या घेतल्या तं जाईल काय जी, तो आतला?
जाईल.
पार?
बहुतेक, असं मी म्हणणार होते.
तो वाफ्याकडे वळला होता.
जुडी ओल्या मातीसकट उपटली,
अरबी वर्तमानपत्रात गुंडाळली, गाडीच्या खिडकीतून आत दिली.

सहमपर्यंत खल्फानने काच वर केली नाही.