बापाचा रकाना

कीथ गेला मार्चात.
मागे राहिली एक सायकल, कानाचं यंत्र
आणि परसात सहा कप्प्यांचं पक्षीघर :
बारा झेब्रा फिंच, जोडीजोडीने, मध्ये जाळी.

कुणाची जोडी कुणाशी, ते वहीत.
पायातल्या कड्याचा आकडा, आई, बाप,
गालांचा रंग, अंडी किती, पोकळ किती.
अक्षर पोलादाच्या कारखान्यातल्या पाळीच्या नोंदीसारखं.
व्हायॲलात चाळीस वर्षं त्याने तीच तर ठेवली.

सहा कड्यांपुढे सहा वेळा
माझे गुडघे वाकेनात.
तिसऱ्या आठवड्यात पक्कड घेतली
आणि मधल्या पाचही जाळ्या उचकटल्या.
तत्त्वबित्त्व काही नव्हतं त्यात.

दोन दिवस नुसती बोंबाबोंब.
रबरी खेळणं दाबावं तसे ते बोलतात,
बाराही एकदम.
सात नंबरची मादी, जिची अंडी
वर्षभर पोकळच निघत होती
(तो दिव्यापुढे धरायचा, मान हलवायचा),
आपला देखणा, बक्षीस मिळवलेला नवरा सोडून
फिकट गालांच्या चार नंबरशेजारी जाऊन बसली.
जाळीआडून किती दिवस बघत होती, देव जाणे.

मग घरट्यांवरून भांडणं. काथ्याची चोरी.
एकाच करंडीत दोघींची अंडी,
वर तिसरीच बसलेली.
मी त्याचा निळा स्वेटर उसवला,
बोटाच्या पेराएवढे तुकडे केले;
लांब धागा पायात गुंततो, हे त्याचंच सांगणं.
काहींनी नेले. बाकीचे तसेच पडून आहेत.

क्लबचे मिस्टर ट्रेगेन्झा गुरुवारी आले.
चहा नको म्हणाले.
"लोर्ना, वाण बुडवलंस."
मी म्हटलं, हो.

जुलैत आखातावरून बोचरा वारा सुटला होता.
संध्याकाळी विजेरी घेऊन वाकले,
एवढं अजून वाकता येतं.
करंडीत पाच चोची उघडलेल्या,
टाळूवर शाईचे ठिपके,
आणि आवाज मुंगीच्या पावलांएवढा.

सकाळी वही काढली.
त्याच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली.
पिल्लं : पाच.
आई : सात, बहुतेक.
बापाच्या रकान्यावर पेन्सिल बराच वेळ थांबली.
कीथ चिडला असता; जेवला नसता त्या दिवशी.
मी लिहिलं, कोण जाणे,
आणि पाणी बदलायला गेले.
भांड्याच्या तळाशी
लोखंडाची लाल धूळ बसली होती.