शेवटचा हात कधी लागला

रात्री पावणेतीनला फोन थरथरतो:
डिस्क शहाण्णव टक्के भरली.
त्याच वेळी गल्लीत जब्बारची चावी फिरते,
नळ आधी खोकतो, मग गुळणी टाकतो.
विडी घरकुलात पाच दिवसांनी पाणी
असं घसा साफ करत येतं.

मी लॅपटॉपवर, विजया पाइपवर.
तिचा क्रम ठरलेला:
आधी पिण्याची कळशी, मग स्वयंपाकाचं पिंप,
मग मोरीतला निळा ड्रम,
उरलंच तर जिन्याखालची एम-सील लावलेली टाकी.
शिळं पाणी ती फेकत नाही, एकेक पायरी खाली उतरवते:
पिण्याचं भांड्यांना, भांड्यांचं फरशीला,
फरशीचं दारातल्या कढीपत्त्याला.
हेच आम्हाला शिकवायला
पुण्याहून एक माणूस टाय लावून आला होता.
बावीस स्लाइड होत्या.

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात
मी साठवणीचा माणूस, येमुल.
नवी डिस्क मागितली की शेठ म्हणतात,
"जुनं काढ की बे."
जुनं काढायचा नियम मीच लिहिलाय:
ज्याला दहा वर्षं कुणाचा हात लागला नाही
ते आधी जाईल.

यादी निघाली.
सगळ्यात वर: मोर_लहान_४.

गड्डम मास्तरांचा.
जकार्डचे पुठ्ठे माळ्यावरून काढून
ते माझ्या शेजारी बसायचे, बोटानं चाचपत सांगायचे:
भोक, भोक, कोरं, भोक.
भोक म्हणजे दोरा वर, कोरं म्हणजे दोरा खाली.
मी टाइप करायचो. एक अख्खा उन्हाळा.
मग पुठ्ठे बॉयलरला गेले.
मास्तर म्हणाले, "आता तुझ्याकडं हाय."
पुढच्या वर्षी मास्तरही गेले.

तसं पुसणं म्हणजे पुसणं नसतंच.
वहीतली नोंद तेवढी खोडतात,
खोलीवर 'रिकामी' अशी पाटी लागते
आणि आतला माणूस बसलेला असतो अंधारात
नवं बिऱ्हाड सामान घेऊन येईपर्यंत.

बोट कळीवर होतं.
म्हटलं, एकदा बघू.

चौकटी चौकटींचा मोर. एक पाय लांब.
दोनशे बाराव्या ओळीत चूक:
त्यांनी कोरं म्हटलं असेल, मी भोक ऐकलं असेल,
किंवा उलट.
आता विचारायचं कुणाला.
दुरुस्त केलं नाही. बंद केलं.

आणि यादी पुन्हा काढली तर मोर नाही.

उघडून पाहिलं, एवढंच.
शेवटचा हात लागल्याची तारीख आजची झाली.
माझाच नियम
त्याला ओलांडून पुढं गेला.

मग कोयरी_उलटी उघडली.
मग कमळ_जोड. मग नुसतंच 'नवीन', तेरा वर्षांपूर्वीचं.
एकेचाळीस फाइली, उघडल्या नि मिटल्या,
जसं आजाऱ्याच्या कपाळाला
हात लावून पुढच्या खाटेकडं जावं.

सगळ्या मिळून एका फोटोएवढ्याही नव्हत्या.
डिस्क शहाण्णवच.

"ड्रम भरला, आता कशात धरू?"
विजया कुकर घेऊन उभी, काखेत डब्याची टोपणं.
"काय करायलाव इतका वेळ?"
बघतोय, म्हटलं.
"बघून जागा होती व्हय?"

जागा खाल्ली होती कॅमेऱ्यानं.
गेटवरचं कुत्रं, रात्रभर झोपलेलं,
तासाला एकदा कान हलवणारं,
नव्वद दिवस जपायचं असा शेठचा हुकूम.
त्यातल्या एकतीस रात्री मी काढल्या.
विचारलं नाही कुणाला.
एकाहत्तर टक्के. फोन गप्प झाला.
नळही.

आठच्या पाळीला गेलो तेव्हा
ते गेटवर होतंच,
कॅमेऱ्याकडं पाठ करून.